मर लागलेलं रान

भाद्रपदाचं ऊन मानेवर घेऊन तुम्ही काळ्या रानात उभे आहात आणि भोवतालची कपाशी मरते आहे.

साल १९३४. जिल्हा पूर्व खानदेश, गाव जळगाव, सरकारी शेतकी फार्म. १९०६ साली खानदेशाचे दोन तुकडे झाले. धुळे पश्चिमेचं मुख्य ठाणं झालं आणि जळगाव पूर्वेचं. तुमच्या अंगात मांजरपाटाचा सदरा आहे, डोक्याला टोपी, पायांत काही नाही. परवाच्या पावसाचा चिखल बोटांच्या बेचक्यांतून वर येतो. मोबाइलसाठी हात खिशाकडे जातो, पण या सदऱ्याला खिसाच नाही. या प्रवासाची अट एकच: पुढे काय होणार ते कुणाला सांगायचं नाही. काम मात्र करावं लागेल, कारण नुसतं बघत उभं राहिलेलं माणूस कामदाराला खपत नाही.

"ओ भाऊ, सातव्या ओळीचं किती झालं?"

कामदार म्हणजे शेतकी खात्याचा रानातला माणूस. बगलेत वही, कानामागे पेन्सिल. तुम्हाला दिलेलं काम सोपं आहे आणि कंटाळवाणंही. ओळीतलं सुकलेलं झाड उपटायचं, विळ्याने बुंध्यापासून उभं चिरायचं, आत बघायचं. लाकूड पांढरं निघालं तर झाड दुसऱ्या कशाने तरी गेलं: वाळवीने, नाहीतर कोळप्याचा फटका बसून. लाकडात तपकिरी-काळ्या रेघा दिसल्या की कामदार वहीत फुली मारतो. मर.

मर म्हणजे फ्युजेरियम नावाची बुरशी. ती मुळातून शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या बुजवून टाकते. जमिनीत ओल आहे, आभाळात ढग आहेत, आणि झाड तहानेने मरतं. आधी खालची पानं पिवळी पडतात, मग दुपारी माना टाकतात, संध्याकाळी जरा सावरतात. एक दिवस सावरायचं राहून जातं. अशी झाडं शेतात विखरून मरत नाहीत. एका ठिकाणी टक्कल पडावं तशी मोकळी चकती दिसते आणि दरवर्षी ती रुंदावत जाते. बुरशी काळ्या जमिनीत वर्षानुवर्षं दबा धरून राहते. फवारायला औषध नाही. (ते अजूनही फारसं नाही, पण तुम्हाला बोलायची मनाई आहे.)

बांधापलीकडून एक शेतकरी बघतोय. खांद्यावर उपरणं, हातात बैलांचा कासरा. तुम्ही चिरलेली झाडं टाकून द्यायला निघता, तेवढ्यात कामदार ती तुमच्या हातातून घेतो, बारीक तुकडे करून त्याच ओळीत पसरवतो आणि वर माती ओढायला सांगतो. शेतकऱ्याला राहवत नाही.

"सरकार रोग पेरू राह्यलं का काय, भो?"

कामदार हसतो. "होय नाना. पेरूच राहिलोय."

हे विनोदाने म्हटलेलं नाही. शहाणा शेतकरी जी जमीन सोडून देईल, तिथे ज्वारीचा फेरपालट करील, ती जमीन इथे मुद्दाम आजारी ठेवली आहे. कपाशीवर कपाशी, मेलेल्या झाडांचं खत मेलेल्या झाडांच्या वंशजांना. ठरावीक अंतराने एक ओळ अशा वाणाची आहे, जो या रोगाला हमखास बळी पडतो. तुम्हाला वाटतं ती ओळ वाया गेली. पण फार्मवर सगळ्यात आधी तीच मोजतात. ती ओळ आडवी झाली नाही, तर शेजारच्या ओळींनी तग धरला याला काही अर्थ नाही. त्यांना रोग भेटलाच नाही, एवढंच त्यातून कळतं. निरोगी शेतात टिकलेलं झाड काहीच सिद्ध करत नाही. मला विचाराल तर खानदेशातल्या शेती-संशोधनातली ही सगळ्यात मोठी अक्कल आहे, आणि ती अवघड अशासाठी की तिच्यासाठी कुणाला तरी आपलं एक रान कायमचं बिघडवून ठेवावं लागतं.

रान बिघडवूनही लहर हवामानाची असते. जमीन फार तापली तर बुरशी मंदावते आणि त्या वर्षी कच्ची झाडंही वाचतात. म्हणून हेच काम पुण्यात दुसऱ्या पद्धतीने चाललं आहे. तिथे मुंबई इलाख्याचे वनस्पतिरोगतज्ज्ञ बी. एन. उप्पल आणि त्यांचे सहकारी रोगट माती भांड्यांत भरून, तिचं तापमान बुरशीला मानवेल असं राखून रोपं वाढवतात. विशी-पंचविशीतलं तापमान तिला आवडतं. जे रोप तिथेही मरत नाही, ते खरं. पैसा सरकारच्या तिजोरीतून कमी आणि कापसाच्या गाठींवरच्या उपकरातून जास्त येतो. १९२१ साली स्थापन झालेली इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी तो वाटते.

उन्हं उतरल्यावर दुसरं काम. जी झाडं या मसणवटीत हिरवी उभी आहेत, त्यांच्या उद्या उमलणाऱ्या कळ्या शोधायच्या. मोठी, पिळदार, टोकाला पिवळटपणा दिसणारी कळी. तिचं टोक दोऱ्याने बांधायचं. फूल उघडलंच नाही तर मधमाशी शेजारच्या झाडाचे परागकण आत आणणार नाही. फुलाचं लग्न स्वतःशीच लागेल. बोंड धरलं की त्यावर खूण. त्याची सरकी वेगळ्या पिशवीत. पुढच्या वर्षी त्या सरकीची एक पूर्ण ओळ, पुन्हा याच रानात. पुन्हा मरण, पुन्हा फुल्या, पुन्हा दोरे. असं सात-आठ पावसाळे.

"एवढं करून काय मिळणार?" बांधावरचे नाना अजून गेलेले नाहीत.

तुम्हाला माहीत आहे. दोन वर्षांनी शेजारच्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरणार आहे, खेड्यात भरलेलं पहिलं, हेही तुम्हाला माहीत आहे. तुम्ही ओठ मिटून दोरा बांधता.

नानांच्या प्रश्नामागे मात्र जुनी कटकट आहे आणि ती समजून घ्यायला तुम्हाला मागे जावं लागेल. पाय चिखलातून काढा.

१८६०चं दशक. अमेरिकेत यादवी चालू आहे, तिकडचा कापूस अडकलाय, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी आहेत आणि मुंबईत रुईचे भाव गगनाला भिडलेत. तापीच्या खोऱ्यातून आगगाडीचे रूळ पुढे सरकताहेत. खानदेशचे कलेक्टर ॲशबर्नरसाहेब हिंगणघाटची सरकी मागवतात, वाटतात आणि इथलं जुनं मिसळ बी मोडीत काढायचा चंग बांधतात. हिंगणघाटची बनी म्हणजे देशी कापसातली घराणेदार: धागा लांब, मऊ, चमकदार. साहेबाचा हिशेब बरोबर आहे. फक्त तो मँचेस्टरच्या चात्यावर केलेला आहे.

तिथे रेंगाळू नका. पन्नास वर्षं पुढे, धुळ्याजवळच्या एका जिनात या. रेचे गरगरताहेत, हवेत तूस, बोलायला ओरडावं लागतं. दोन ढीग आहेत. एक हिंगणघाटी वळणाच्या कापसाचा, दुसरा पांढऱ्या फुलाच्या रोझियमचा. पहिल्याच्या शंभर शेर कापसातून तीस शेरांच्या आतबाहेर रुई निघते, बाकी सरकी. दुसऱ्यातून चाळिसाच्या जवळ. रोझियमचा धागा आखूड आणि खरखरीत, पण जपानला तोच हवाय आणि व्यापारी मोजतो वजन. शेतकी खात्यानेही अखेर शहाणपण केलं: वीस-पंचवीस वर्षं 'निकृष्ट' म्हणून हिणवलेल्या याच कपाशीतून निवड करून 'एन. आर.' नावाचं बी स्वतःच वाटायला काढलं. निग्लेक्टम रोझियम. सरकारी कागदांत त्या काळच्या खानदेशी शेतकऱ्यावर भेसळीचे बरेच आरोप आढळतील. मला ते पटत नाहीत. ज्याला रुईच्या वजनावर पैसे मिळतात, त्याने धाग्याच्या लांबीवर प्रेम का करावं?

मग लांब धाग्यासाठी बनी आणि कोमिला या वाणांचा संकर झाला, त्याला 'बनिला' म्हणाले. धागा सुधारला. एन. आर. आणि बनिला, दोघांनाही मर लागली. निवड करताना धागा पाहिला होता, उतारा पाहिला होता. आजारी मातीत कुणी परीक्षा घेतली नव्हती. ज्या गुणाची परीक्षा घेतली नाही तो गुण बियाणं फुकट देत नाही, हे जळगावच्या फार्मवर मोजून कळलं आणि म्हणून तुम्ही १९३४च्या त्या चिखलात उभे होता.

त्या रानातून जे निघालं त्याचं नाव 'जरीला'. ते पाहायला शेतात नको, मुंबईला चला. चाळिशीचं दशक, महायुद्ध, शिवडीचं कॉटन ग्रीन. गाठींचे डोंगर, आणि कापसाच्या वायद्याचा भाव बोलला जातो तो जरीलावर. बाकीचे वाण जरीलाहून इतके वर किंवा इतके खाली. ज्या व्यापाऱ्यांनी मर लागलेलं झाड कधी पाहिलेलं नाही, ते दिवसभर त्या नावाने ओरडताहेत. पुढे 'विरनार' आला, तोही मरीला दाद न देणारा. 'वाय-१' आला. देशी कपाशीचा हा वंश खानदेशात चांगला रुजला.

आणि मग गरजच संपली. १९७०मध्ये सुरतेहून संकर-४ निघाला, जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस, अमेरिकन जातीचा. आपल्याकडची मर देशी कपाशीला धरते; अमेरिकनला ती जवळपास काहीच करत नाही. चाळीस वर्षं जपलेलं आजारी रान एका झटक्यात निरर्थक झालं. खानदेशातल्या विहिरी-पाटाखालच्या जमिनी भराभर संकरित कपाशीकडे वळल्या. मर गेली, तुडतुडे आले, मावा आला, बोंडअळी आली. पाठीवर पंप आले. २००२ साली बीटी आली, हिरव्या बोंडअळीचा जोर मोडला. पंधराएक वर्षांत गुलाबी बोंडअळी तिला पचवून बोंडांत बसलेली सापडली. हा भाग तुम्ही पेपरात वाचलेला आहे, इथे थांबायचं कारण नाही. एवढंच बघून ठेवा की बोंडअळीला मारणारा जनुक आला तेव्हा आजारी रानाची जुनी शिस्त, म्हणजे बळी पडणारी ओळ शेजारी हवीच, पाकिटात घालून दिली होती. बीटीच्या भोवती बिगरबीटीच्या ओळी लावा, अळ्यांना तिथे जगू द्या, म्हणजे बीटीला पचवणाऱ्या अळीचा पतंग साध्या अळीच्या पतंगाशी जुगत राहील. ते छोटं पाकीट किती बांधांवर तसंच फेकलं गेलं, हे गावात कुणालाही विचारा. शेतकऱ्याच्या बाजूनेही बघा: अळ्यांना खाऊ घालायला एकरातल्या ओळी सोडायच्या, आणि त्याचा फायदा मात्र साऱ्या तालुक्याचा. जळगावच्या फार्मवर वाया जाणाऱ्या ओळीचा खर्च उपकरातून निघत होता.

आता धुळ्याकडे. सत्तरीची सुरुवात, शिंदखेड्याच्या बाजूचं हलकं, खडकाळ रान. पाऊस लहरी. या मातीत बाजरीखेरीज फारसं काही इमानाने उभं राहत नाही. तुम्ही कणसाला हात लावायला वाकता आणि कणीस नाहीच. दाण्यांच्या जागी हिरव्या पानांचा झुपका, विस्कटलेल्या जटांसारखा. खानदेशात याला गोसावी म्हणतात. पानांच्या खालच्या अंगाला सकाळच्या दवात पांढरी भुकटी. केवड्याच्या बुरशीने फुलोऱ्याचीच पानं केलीत.

"औंदा खावाले काय शे?" म्हातारी तुम्हाला विचारते. तुम्ही तिला माय म्हणता आणि पुढचं वाक्य तुमच्याकडे नसतं. पुढचं वर्ष १९७२ आहे, दुष्काळाचं.

असं का झालं? १९६५ साली लुधियान्याहून एचबी-१ आली, देशातली पहिली संकरित बाजरी. तिच्या मागोमाग एचबी-३. दोघींची आई एकच: अमेरिकेतल्या जॉर्जियात तयार झालेली टिफ्ट २३ए ही नरवंध्य जात. उत्पन्न दणदणीत वाढलं. पण जॉर्जियात आपल्यासारखा केवडा नव्हता, त्यामुळे त्या आईला केवड्याची तोंडओळखही नव्हती. लाखो एकरांवर एकाच आईच्या लेकी, आणि आईची परीक्षा निरोगी देशात झालेली. बनिलाची चूक, फक्त शंभरपट मोठी.

यातून जी पद्धत निघाली ती तुम्हाला ओळखीची वाटेल. बाजरीच्या चाचणीत आधी रोगाला बळी पडणाऱ्या वाणाच्या ओळी पेरायच्या, त्यांच्यात केवडा माजवायचा, वरून तुषार देऊन हवा दमट ठेवायची, आणि मग मधल्या पट्ट्यांत नवे वाण लावायचे. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्थेने १९७२नंतर ही रीत बसवली. तिथून गेलेल्या एका वाणाची गोष्ट खानदेशाने लक्षात ठेवावी: पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशाच्या गावरान बाजरीतून निवडलेला आयसीटीपी ८२०३. लवकर येणारा, टपोऱ्या दाण्याचा, केवड्याला बऱ्यापैकी पुरून उरणारा. १९८८मध्ये तो प्रसारित झाला आणि महाराष्ट्रात घरचाच झाला. त्यातूनच पुढे जास्त लोहाची 'धनशक्ती' निवडली गेली. धुळ्याच्या बाजरी संशोधन केंद्रातून अलीकडे आलेल्या 'आदिशक्ती' आणि 'महाशक्ती' या संकरित वाणांतही लोहावर भर आहे. धुळ्यातली भाकरी टोगोचं ऋण घेऊन तव्यावर पडते. बाजरी मुळात आफ्रिकेचीच, तेव्हा ही दुसरी खेप.

आफ्रिकेचं हे ऋण जळगावने दुसऱ्या हाताने फेडलंही. १९७८. जळगावचं तेलबिया संशोधन केंद्र, भुईमुगाची काढणी. तुम्ही उपट्या जातीचं झाड धरून ओढता. पावसाने भुसभुशीत झालेल्या मातीतून ते सहज येतं, मुळाशी शेंगांचा भरगच्च झुबका. बाकीच्या ओळी अजून हिरव्या आहेत आणि ही नव्वद दिवसांतच तयार. परदेशातून आलेल्या बियांच्या एका नमुन्यातून निवडलेला हा वाण: जेएल-२४, सरकारी नाव 'फुले प्रगती'. पाऊस लवकर पाठ फिरवतो त्या जिल्ह्यात दोन-तीन आठवडे आधी तयार होणं म्हणजे अर्धी लढाई जिंकणं. शेंगा एकाच वेळी पिकतात, दाणा टपोरा, कोरडवाहूला परवडणारा. तो महाराष्ट्रभर गेला, मग देशभर गेला.

मग समुद्रापलीकडे. तुम्ही हातातली शेंग फोडता आणि टरफल पडतं ते मलावीच्या लाल मातीत. इथे याच दाण्याला 'काकोमा' म्हणतात. शेजारच्या झांबियात 'लुएना'. बायका शेंगा तोडताहेत, हसताहेत, तुमच्या सदऱ्याकडे बोट दाखवताहेत. तुम्हाला त्यांची बोली येत नाही, पण शेंग वाजवून बघायची तऱ्हा अमळनेरच्या बाजारातलीच आहे.

इथे कौतुकाला लगाम घालायला हवा. जेएल-२४ काटक आहे तो पळून जाण्यात. टिक्का आणि तांबेरा जोर धरेपर्यंत तो घरी गेलेला असतो. गाठ पडलीच तर तो लढत नाही. आफ्रिकेत माव्यावाटे पसरणारा रोझेट नावाचा विषाणूरोग आहे, झाडाचा गुच्छ करून टाकणारा. त्याच्यापुढे जळगावचा हा वाण सपशेल आडवा होतो. म्हणून मलावीत पुढे रोझेटला टिकणारे वाण शोधायच्या चाचण्या झाल्या. त्या शेतात चला. आजारी रान, मुद्दाम सोडलेला मावा, नव्या वाणांच्या ओळी, आणि त्यांच्या शेजारी हमखास बळी पडणारा वाण म्हणून लावलेला... वाकून पाटी वाचा. जेएल-२४.

१९३४ साली जळगावात जी ओळ मोजून तुम्ही वाया गेली म्हणालात, ती ओळ आता जळगावच आहे. मला यात कमीपणा वाटत नाही. ज्याच्या मरण्यावर भरवसा ठेवता येतो असा वाण चाचणीत सोन्यासारखा असतो, आणि तो आधी घरोघर पोचलेला असल्याशिवाय कुणी त्याला मापाला धरत नाही.

आता आजचा दिवस. सदऱ्याला खिसा आला, खिशात मोबाइल आला. रावेरच्या रस्त्याला दुतर्फा केळी. मृगबाग कापणीला, कांदेबाग कमरेएवढी. मेच्या पंचेचाळीस अंशांत पानं फाटतात, जानेवारीच्या थंडीत घड अडकतो, करपा येतो, हरण्या रोग येऊन कोवळी बाग उपटावी लागते. तरी केळी उभी आहे, कारण ठिबक आहे, टिश्यूची रोपं आहेत आणि दिल्लीपर्यंत जाणारे ट्रक आहेत. पूर्वी बसराई होती, मुनवे लावायचे. नव्वदीनंतर ग्रँड नैन आली आणि जळगावच्या जैन उद्योगाने ती प्रयोगशाळेत वाढवून शेतोशेती पोचवली. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळालं.

बागेत शिरा. हजार झाडं, सगळी एकच झाड. ग्रँड नैन आणि बसराई दोघी कॅव्हेंडिश घराण्यातल्या. फळात बी नाही, म्हणून लग्न नाही, म्हणून ओलाद नाही, नुसत्या नकला. टिफ्ट २३एच्या निदान लेकी होत्या. इथे आई स्वतःच लाखो वेळा उभी आहे. कपाशीच्या कळीला तुम्ही दोरा बांधत होतात तो दोरा इथे बांधणार कशाला?

आणि मर इथेही आहे. कपाशीतल्या बुरशीचीच बहीण, केळीवरचं फ्युजेरियम. विसाव्या शतकात तिच्या एका प्रकाराने लॅटिन अमेरिकेतल्या ग्रो मिशेल केळीचा व्यापार बुडवला. जगाने तिला टिकणारी कॅव्हेंडिश उचलली. मग कॅव्हेंडिशलाही मारणारा प्रकार निघाला, टीआर-४. भारतात तो बिहारमधल्या कटिहारला सापडला, नंतर उत्तर प्रदेशात. लक्षणं तुम्हाला तोंडपाठ आहेत: खालची पानं पिवळी, देठाशी मोडून खोडाभोवती लोंबणारी, खोड चिरलं की आत तपकिरी-काळ्या रेघा. एका खेपेच्या चाकाला चिकटलेली माती त्याला पुरते. रावेरचे ट्रक रोज उत्तरेला जातात आणि रिकामे परत येतात.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये जेम्स डेल यांच्या गटाने रानकेळीतला एक जनुक कॅव्हेंडिशमध्ये घातला. त्या केळीला २०२४ साली तिथे परवानगी मिळाली. पण मला त्याहून जवळची वाटते ती तैवानची गोष्ट. तिथल्या केळी संशोधन संस्थेने ऐंशीच्या दशकात ओळखलं की प्रयोगशाळेतल्या नकलाही हुबेहूब नसतात. लाखो रोपांत काही बिघडलेली निघतात: पान वेगळं, उंची वेगळी, घड उशिरा. त्यांनी प्रयोगशाळेतली हजारो रोपं मर लागलेल्या शेतांत नेऊन लावली. बहुतेक मेली. जी जगली त्यांचे घड बेढब होते. त्यांच्याच नकला करून पुन्हा त्याच रानात लावली, पुन्हा निवडली. त्यातून 'फॉर्मोसाना' निघाली: घड यायला उशीर लावणारी, पण टीआर-४च्या मातीत बऱ्यापैकी उभी राहणारी. बियाशिवायची जरीला म्हणा.

जळगावच्या रोपवाटिकेतल्या हिरव्या जाळीखाली तुम्ही उभे आहात. ट्रेमधून रोपं सरकताहेत. कामावरच्या ताई हात न थांबवता वेगळी दिसणारी रोपं काढून बाजूच्या टोपलीत टाकतात: रुंद पानाचं, ठिपक्यांचं, खुजं. शेतकऱ्याला एकसारखी बाग हवी, एकाच वेळी कापणी हवी. त्यांचं बरोबर आहे. १९३४चा कामदार इथे असता तर त्याने ती टोपली मागून घेतली असती आणि विचारलं असतं, यांना लावायला आजारी रान कुठे आहे?

ते सध्या कटिहारकडे आहे. चाचणी करायची तर रोपं तिकडे न्यावी लागतील आणि तिकडची माती, मुनवे, भांडी, बूट यांतलं काहीही परत आणता येणार नाही. रावेर-यावलात तसं एक रान मुद्दाम तयार करायची परवानगी कुणी मागितली, तर ती मिळणार नाही, आणि मिळू नये.